पत्री सरकार : शब्द कोणाचा आणि अर्थ कोणता?

पलूस, कुंडल, दुधोंडी, भिलवडी या बाजूच्या एखाद्या जुन्या माणसास ‘प्रतिसरकार’ म्हणून विचारावे, तर तो क्षणभर घुटमळतो. ‘पत्री सरकार’ म्हणावे, की लागलीच सरसावून बसतो. शाळेत जाणारा नातू मात्र मध्येच म्हणतो की, पुस्तकात ‘प्रति’ आहे, ‘पत्री’ हा अशुद्ध उच्चार आहे. पुस्तकातला शब्द खोटा नाही. पण आजाचा शब्द अशुद्ध, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. तो अशुद्ध नसून वेगळा आहे. तो कष्टकऱ्याच्या तोंडी घडला, आणि त्यात जे साठले आहे ते ‘प्रति’ या शब्दात नाही.

आधी इतिहास थोडक्यात सांगतो. १९४२ च्या ऑगस्टात चलेजावची हाक उठली. ३ सप्टेंबरास तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ तारखेस वडूजला व १० तारखेस इस्लामपुरास गोळीबार झाला. इस्लामपुरास पडलेल्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील तरुण इंजिनीयर पंड्या हे होते. उघडा मार्ग बंद झाल्यावर माणसे भूमिगत झाली. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. लाड व त्यांचे सोबती यांनी १९४३ पासून १९४६ पर्यंत गावोगाव दुसराच कारभार चालविला. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते व भोवताली इंग्रजी मुलूख होता. ही सरहद्द भूमिगतांच्या फार कामी आली. बलियाचे सरकार १९४२ च्या ऑगस्टात काही दिवस टिकले, बंगालचे तामलुक सरकार १९४४ च्या सप्टेंबरपर्यंत चालले. साताऱ्याचे त्याहून अधिक टिकले. इंग्रजांच्या राज्याला तोडीस तोड राज्य, म्हणून पुढाऱ्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘प्रतिसरकार’.

मग त्याचे ‘पत्री’ कसे झाले? कोणी म्हणतात, अडाण्यांची जीभ घसरली. आमच्या जिभेच्या घसरण्यालाही रीत आहे. आम्ही नुकसानास ‘नुसकान’ म्हणतो, मतलबास ‘मतबल’ म्हणतो. अक्षरे जागा बदलतात. पण ‘प्र’ने आरंभ होणाऱ्या शब्दांची आमची रीत वेगळी आहे. प्रकाराचा ‘परकार’ होतो, प्रसंगाचा ‘परसंग’ होतो. त्या हिशेबाने प्रतीचे ‘परती’ व्हावयास हवे होते. तसे न होता ‘र’ उडी मारून ‘त’ला जाऊन बिलगला, याचे कारण आमच्या मते असे की, पलीकडे एक ओळखीचा शब्द आधीच उभा होता.

तो शब्द गोठ्यातला आहे. खडीच्या सडकेवर गाडी ओढणाऱ्या बैलाचे खूर झिजतात, म्हणून त्यास पत्री मारतात. घोड्याला एक अखंड नाल चालतो; बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायास दोन चपट्या पत्र्या लागतात. नालबंद दोराने बैल पाडतो, चारी पाय एकत्र बांधतो, आणि खुराच्या कडेच्या निर्जीव भागात खिळे ठोकतो. ‘पत्रा’ म्हणजे लोखंडाची चादर, आणि तिचा लहान तुकडा ती ‘पत्री’. गणपतीला वाहावयाची पत्री आणि बैलाच्या पायातली पत्री या दोहोंचे मूळ एकच, ‘पत्र’ म्हणजे पान. एकाच मुळाचे एक पान देवाच्या पायाशी गेले, दुसरे बैलाच्या पायाखाली गेले; आणि राज्याला नाव मिळाले ते बैलाकडच्या पानावरून!

सरकारी खबऱ्या, गावगुंड, नाडणारा सावकार, बायकोला टाकून देणारा नवरा अशांस भूमिगतांचे न्यायमंडळ शिक्षा देई. दरोडेखोरांचाही त्यांनी बंदोबस्त केला. शिक्षा पुष्कळदा अशी की, माणसास पाडून, पाय वर बांधून, तळव्यांवर काठीने मारावयाचे. पाहणाऱ्यास आठवला तो नालबंदाने पाडलेला बैल! लोक म्हणू लागले, ‘त्याला पत्री मारली.’ पायाला खरोखर खिळे ठोकीत, ही कथा तोंडोतोंडी वाढत गेली. जाणत्यांनी व अभ्यासकांनी पत्री म्हणजे तळव्यांवरचा मार असेच सांगितले आहे. पण कथेचा धाक खिळ्याहून मोठा होता. ‘प्रति’ वरून आली, ‘पत्री’ खालून आली, आणि दोन्ही मिळून एक शब्द झाला.

पुढे या शब्दाने रंग पालटले. इंग्रज सरकारच्या बाजूच्या माणसास पत्री म्हणजे दांडगाई. ज्या बाईचा नवरा ताळ्यावर आला, तिला पत्री म्हणजे आसरा. ज्याच्या तळव्यांवर बसली, त्याच्या घरी तो शब्द पुढेही दारातून आत येऊ दिला नसेल. तेही माणसांचेच घर होते. स्वराज्यानंतर धाक गेला आणि नवलाई राहिली. खोडकर पोराला दटावताना पत्री आली, भाषणात टाळी घेण्यासाठी पत्री आली. आता तर चार पोरे मिळून एकट्याला बडवितात आणि वर ‘पत्री मारली’ अशी फुशारकी मारतात.

येथे आम्हांस थांबून बोलणे भाग आहे. पत्रीपूर्वी न्यायमंडळ बसे, हे या फुशारकीत गाळले जाते. सुनावणीवाचून मार ही पत्री नव्हे, गुंडगिरी होय. आणि त्या काळीही अशा गुंडगिरीचेच पाय वर बांधले जात. शिवाय आज लोकांचे निवडलेले सरकार आहे, कोर्ट आहे. परक्या सत्तेच्या काळात हाती घेतलेली काठी आज पोरांनी उचलावी, असा त्या शब्दाचा हुकूम नाही.

दुसरे नुसकान याहून मोठे आहे. शब्दाची एकच धार उरली, आणि त्या कारभाराचे बाकीचे काम झाकले गेले. याच सरकारने थोड्या खर्चाची ‘गांधी लग्ने’ लावली. हुंडा, मानपान, जेवणावळी यांस फाटा दिला. ज्या मुलुखात हे झाले, त्याच मुलुखात आज लेकीच्या लग्नासाठी जमीन गहाण पडते. पत्रीची गोष्ट पोरास ठाऊक आहे, लग्नाची नाही. मार तेवढा लक्षात ठेवावा आणि सुधारणा विसरावी, हा कोणता हिशेब?

कष्टकऱ्यांचा शब्द मोठा होतो, याची साक्ष परदेशातही आहे. आयर्लंडात १८८० साली बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी सर्व व्यवहार तोडले. कापणीस माणूस मिळेना, दुकानदार माल देईना. त्या कारभाऱ्याचे नावच बहिष्काराचा शब्द झाले व जगभर गेले. त्या शब्दास इंग्रजांनी कुळांचा म्हणून अशुद्ध ठरविले नाही, कोशात घेतले. आमच्याकडे जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या हातचा ‘असूड’ ग्रंथाच्या नावावर घातला, त्याला तर १८८३ साल उजाडले होते. मग पत्रीनेच पुस्तकाबाहेर का उभे राहावे?

वाचक बंधुभगिनींनो, नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली. ऊसवाहतुकीच्या गाड्यांना तेवढी बैलजोडी दिसते, आणि त्या बैलांबरोबर पत्री मारणारा कारागीरही विरळ होत आहे. तो गेला, की शब्दाचे मूळ सांगणारा गेला. म्हणून आमची विनंती एवढीच की, शिक्षकांनी ‘प्रतिसरकार’ शिकवावे, पण शेजारी ‘पत्री’ लिहून तिचा अर्थ सांगावा. पोरांनी एक दिवस नालबंदाजवळ बसून त्याच्या हत्यारांची नावे वहीत उतरावी, आणि आजीला विचारावे की, गावात गांधी लग्न कोणाचे झाले व त्याला खर्च किती आला. त्या खर्चाचा आकडा आईबापांनीही ऐकावा. यंदाच्या लग्नसराईत तो उपयोगी पडेल.