चाक मिळालें, पण मातीचें काय?

बारामती-इंदापुराकडील बहुतेक घरांत पाण्याचा माठ गांवच्या कुंभाराचा असतो. पण लोणच्याची बरणी मात्र परप्रांतांतून येते. आमच्या कुंभाराच्या हातांत कसब नाहीं काय? शिरूर तालुक्यांत इनामगांवच्या उत्खननांत तीन हजार वर्षांपूर्वीची कुंभाराची भट्टी सांपडली; त्या काळचीं जोर्वे पद्धतीचीं भांडीं टिचकी मारल्यास धातूसारखीं वाजतात. तेव्हां उणीव कसबाची नव्हे, मातीच्या परीक्षेची आहे.

खादी व ग्रामोद्योग आयोगानें २०१८ पासून विजेचीं चाकें वाटलीं, हें योग्यच झालें. परंतु चाक वेगानें फिरलें म्हणून मातीचा स्वभाव बदलत नाहीं. साध्या आव्याची आंच बहुधा ९०० अंशांच्या आंतच राहते व भांडें सच्छिद्र होतें. माठांतलें पाणी गार होतें तें या गुणामुळें. तेल-मीठ झिरपतें तेंही यामुळेंच. बरणीच्या दगडी भांड्यास १२०० ते १३०० अंश लागतात, आणि तेवढें जळण गरिबास परवडत नाहीं. मात्र मातींत फेल्डस्पार व त्याच्या जोडीस शंखजिरें किंवा कांचेची पूड योग्य प्रमाणांत मिसळली, तर ११०० ते ११५० अंशांतही भांडें घट्ट होऊं शकतें.

आमची काळी माती एकटी या कामास उपयोगी नाहीं. ती वाळतांना तडकते, अधिक आंचेंत फुगते. तींतील चुनखडीचा खडा भाजल्यावर हवेंतील ओल शोषून भांड्याचा टवका उडवितो. पण तिच्यांतील लोह व चुना हीं द्रव्येंच अल्प प्रमाणांत माती लवकर पक्की करितात. मग सिंधुदुर्गाची पांढरी माती मुख्य धरून, उजनीचा गाळ बारीक चाळून शेंकडा १०, २०, ३० असा मिसळून कां पाहूं नये?

वकिलीच्या धंद्यांत पुराव्यावांचून निकाल नसतो. मातीसही तोच न्याय लावावा. प्रत्येक मिश्रणाच्या पट्टीवर दहा सेंटिमीटरची खूण करून ती वाळल्यावर व भाजल्यावर किती आटली तें मोजावें. दुसरी पट्टी दोन्ही टोंकांस टेंकू देऊन भाजावी. वांकली तर आंच जास्त झाली. भाजलेला तुकडा तोलून पाण्यांत उकळावा व पुन्हां तोलावा. २०० ग्रॅमचा २१० झाला, तर शोषण शेंकडा ५. तें ३ च्या आंत आल्याशिवाय बरणीचें नांव काढूं नये. शिशाची झिलई तर अन्नाच्या भांड्यास वर्ज्यच समजावी.

हा सारा खर्च एका लहान विजेच्या भट्टीचा व एका वहीचा आहे. पण दहा मिश्रणें फसतील तेव्हां अकरावें साधेल, आणि हातावर पोट असलेल्या कुंभारानें तें नुकसान एकट्यानें कां सोसावें? कृष्णमूर्ति मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघानें भद्रावतीस कुंभारकामाचें शिक्षण उभें केलें. बारामतीच्या व्यापाऱ्यांस व विद्यालयांस परीक्षेपुरती भट्टी उभारणें अशक्य आहे काय? फसलेल्या मिश्रणांसुद्धां सर्व नोंदी कुंभारवाड्यांत खुल्या ठेवाव्या; तसें न झाल्यास नफा एकाचा होईल व श्रम सर्वांचे. चाक दिल्याचें पुण्य सरकारनें घेतलें. मातीचें ऋण आतां आपण फेडावें.