बाकीचा बाप आणि खाशाबांचे वडील



घरात शाळा-कॉलेजात जाणारं मूल असेल, तर ‘बाकी’ हे नाव एव्हाना तुमच्या कानावर आलं असेल. आपल्या मराठी कानाला आधी वजाबाकीतली बाकी आठवते, पण हा बाकी जपानी आहे. बाकी हनमा हे त्याचं पूर्ण नाव. आमच्या शंकर नगरातून संध्याकाळी तेलीबांधा तलावाकडे फिरायला निघालं, तर मुठी आवळून एकमेकांना डाव दाखवणारी दोन-चार पोरं हमखास भेटतात. त्यांच्या गप्पांत हा बाकी असतोच. म्हणून आज त्याच्याविषयी.

जपानी चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात आणि तिच्यावरून केलेल्या कार्टून मालिकेला ‘ॲनिमे’. ‘ग्रॅपलर बाकी’ ही मांगा केइसुके इतागाकी यांनी १९९१ मध्ये एका जपानी साप्ताहिकात सुरू केली. तिचे एकामागून एक भाग आजवर येत राहिले आहेत. इतागाकी आधी जपानच्या लष्करात, हवाई छत्रीधारी दलात होते आणि बॉक्सिंगही करायचे, त्यामुळे मार खाणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. १९९४ मध्ये या कथेवर एक छोटी फिल्म आली, २००१ मध्ये टीव्ही मालिका आणि २०१८ पासून नेटफ्लिक्सवर नव्याने केलेली मालिका. आपल्या मुलांपर्यंत बाकी पोचला तो मुख्यतः या शेवटच्या वाटेने.

आधी काळजीची गोष्ट. ही मालिका लहान मुलांची नाही. रक्त, मोडलेली हाडं, विद्रूप झालेले चेहरे सगळं अगदी जवळून दाखवलं आहे. कार्टून आहे म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती फोन देऊन निश्चिंत होऊ नका. वयाची सूचना आधी बघा.

पण मोठं मूल ती बघत असेल, तर ‘काय ही मारामारी’ म्हणून फोन हिसकावण्याआधी कथा समजून घ्या. तोक्यो डोम या भल्यामोठ्या स्टेडियमच्या खाली एक गुप्त आखाडा आहे आणि तिथे बाकी लढतो. तो दिवसरात्र मेहनत करतो ती एकाच माणसासाठी, स्वतःच्या वडिलांसाठी. वडील युजिरो हे पृथ्वीवरचे सर्वांत ताकदवान प्राणी समजले जातात. त्यांनी बाकीच्या आईला त्याच्या डोळ्यांदेखत मारलं आहे. मुलाला त्यांचा सूड घ्यायचा आहे आणि त्याच वेळी त्यांनी आपल्याकडे एकदा तरी बाप म्हणून बघावं असंही वाटतं आहे.

शेवट आधी कळायला नको असेल, तर हा परिच्छेद सोडा. बापलेकांची जंगी लढाई २०२३ च्या भागांत येते. तिच्या अखेरीस युजिरो हवेतल्या हवेत, नसलेल्या भांड्यात मिसो सूप रांधल्याचा अभिनय करतो. मिसो सूप म्हणजे जपानी घरातलं रोजचं साधं खाणं, आपल्या वरणासारखं. मार खाऊन पडलेला बाकी ते न दिसणारं सूप चाखतो आणि म्हणतो, जरा खारट झालंय. वर्षानुवर्षांच्या मारामारीतून पोराला हवं होतं ते एवढंच, बापाच्या हातचं वाटीभर सूप.

आता जरा आपल्या मातीकडे येऊ. बाकीच्या कथेतली बरीच पात्रं खऱ्या माणसांवर बेतली आहेत. कराटेवाला दोप्पो ओरोची पाहिला की क्योकुशिन कराटेचे मासुतात्सु ओयामा आठवतात आणि कुस्तीवाला इगारी म्हणजे थेट अंतोनियो इनोकी. या इनोकींना कुस्ती शिकवणारे बेल्जियममध्ये जन्मलेले कार्ल गॉच आपल्या शिष्यांकडून ढिगाने बैठका काढून घेत. जपानच्या कुस्तीशाळांत त्या बैठकांना आजही ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. आपल्या तालमीतल्या जोर-बैठका, इकडे छत्तीसगडात ज्यांना दंड-बैठक म्हणतात, त्याच या. मुलाला हे सांगून बघा, त्याचे डोळे चमकतील.

आणि त्याला आणखी एक नाव सांगा: खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच गटात सुवर्ण कोणी जिंकलं? जपानच्या शोहाची इशी यांनी. त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण होतं. आपला मल्ल आणि त्यांचा मल्ल असे एकाच गटात पदक घेऊन परतले, आणि ही काही चित्रकथा नव्हे.

खाशाबांच्या हातात पहिला डाव दिला तो त्यांच्या वडिलांनी. दादासाहेब जाधव स्वतः पहिलवान होते आणि पोर पाच वर्षांचं असल्यापासून त्याला कुस्ती शिकवत होते. पुढे हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकीत होत्या.

दोघांच्याही ताकदीमागे बापच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बाकीला बापाने ताकद दिली ती वैर देऊन. म्हणून जगाला लोळवूनही तो पोरका राहतो आणि एका वाटीसाठी तळमळतो. खाशाबांना बापाने ती आखाड्यात शेजारी उभं राहून दिली, आणि पुढे शिक्षक, प्राचार्य, गाव असं सगळंच त्यांच्या पाठीशी उभं राहिलं.

म्हणून एक सुचवते. मोठं मूल बाकी बघत असेल तर एखादा भाग त्याच्या शेजारी बसून बघा. भाषण देऊ नका, फक्त विचारा, ‘बाकीला नक्की काय हवंय रे?’ उत्तर ऐकून तुम्हालाच नवल वाटेल. एक मात्र स्पष्ट सांगा: भिंतीवर मुठी आपटणं, मित्राचा गळा आवळून बघणं हे चित्रातच ठीक, खऱ्या हाडांना ते सोसत नाही. ताकद कमवायचीच असेल तर सकाळी बैठकांपासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी दहा पुरेत. आणि शक्य असेल तर बाबांनीही त्या शेजारी उभं राहून काढाव्यात. गुडघे कुरकुरले तर पाचच काढा, पण त्याच्यासोबत काढा.

तुमच्या घरी मुलं सध्या काय बघतात, आणि तुम्ही त्यांच्यासोबत काय बघता, हे जरूर कळवा. भेटू पुढच्या वेळी.