भाऊबंदकीचा भार भागधारकांवर
औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना उभा केला. तो माळ आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येतो आणि औंध सातारा जिल्ह्यात. किर्लोस्कर या नावाबद्दल दोन्ही जिल्ह्यांत आपुलकी आहे, त्यामुळे घराण्यातल्या वादाची बातमी आली की वाचक हळहळतो आणि मोठ्या घरचं भांडण म्हणून पान उलटतो. पण किर्लोस्कर ब्रदर्स, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, किर्लोस्कर इंडस्ट्रीज या बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत. त्यांचे शेअर पेन्शनीतून चार पैसे बाजूला ठेवणाऱ्या माणसाकडेही असतात, आणि ज्याने कधी शेअर घेतला नाही त्याच्याकडे म्युच्युअल फंडातून आलेले असू शकतात. भांडण घराण्यातलं असलं तरी त्यात गुंतलेला पैसा या सगळ्यांचा आहे.

वादाचं मूळ 11 सप्टेंबर 2009 च्या कौटुंबिक तडजोडीच्या करारात आहे. एकमेकांच्या धंद्यात उतरायचं नाही, हे बंधन त्या करारात आहे, असं किर्लोस्कर ब्रदर्सचे संजय किर्लोस्कर म्हणतात. 2017 मध्ये ऑइल इंजिन्सने अहमदाबादची ला-गज्जर ही पंप बनवणारी कंपनी घेतली आणि ठिणगी पडली, कारण पंप हाच ब्रदर्सचा मुख्य धंदा. ऑइल इंजिन्सच्या बाजूचे संजय यांचे बंधू अतुल आणि राहुल यांना हा आक्षेप मान्य नाही. प्रकरण पुण्याच्या दिवाणी न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला, तरी वाद मिटला नाही.

यावर बाजारातली माणसं लगेच विचारतील, मग बिघडलं काय? खटले चालू असतानाच किर्लोस्कर ब्रदर्सचा शेअर 2021 नंतरच्या तीन वर्षांत कित्येक पटींनी वाढला आणि 2024 मध्ये दोन हजारांच्या पुढे गेला. मुद्दा खरा आहे. मागणी चांगली आणि नफा वाढता असेल तर कोर्टातली तारीख भावाला रोखू शकत नाही. पण भाव वाढला म्हणजे दाव्याची किंमत कोणी मोजलीच नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. दावा नसता तर भाव कुठे असता, हे त्या आलेखावर दिसत नाही. ते दिसतं बातमी फुटते त्या दिवशी आणि निकाल लागतो त्या दिवशी. 24 ऑक्टोबर 2016 ला सायरस मिस्त्री यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून अचानक दूर केलं, तेव्हा पुढच्या सत्रांत समूहातले अनेक शेअर घसरले. नंतर वर्षानुवर्षं खटला चालला, पण भाव आपापल्या धंद्याच्या चालीने चालत राहिले. 26 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टाटांच्या बाजूने लागला आणि त्याच दिवशी यातले बरेच शेअर वर गेले. म्हणजे मधल्या काळात काही ओझं भावावर होतंच.

हे ओझं किती असू शकतं, याचा सर्वात बोलका दाखला अमेरिकेतला आहे. 1985 मध्ये ह्यूस्टनच्या ज्युरीने टेक्साको या तेल कंपनीला पेन्झॉइलला दहा अब्ज डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. एकाच्या खिशातून पैसा दुसऱ्याच्या खिशात जाणार, तर एकाचा तोटा तेवढाच दुसऱ्याचा नफा असायला हवा. डेव्हिड कटलर आणि लॉरेन्स समर्स या अर्थतज्ज्ञांनी दोन्ही शेअरचे भाव तपासले, तेव्हा टेक्साकोच्या भागधारकांनी गमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे पेन्झॉइलवाल्यांच्या पदरात जेमतेम 17 सेंट पडल्याचं दिसलं. बाकीचं मधल्या मध्ये विरलं. पुढे टेक्साकोने 1987 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि अखेर तीन अब्ज डॉलरवर तडजोड झाली.

किर्लोस्करांच्या वादात तर दोन्ही खिसे काही अंशी एकाच माणसाचे आहेत. किर्लोस्कर इंडस्ट्रीज अतुल-राहुल यांच्या बाजूची कंपनी आहे, पण किर्लोस्कर ब्रदर्सचे जवळपास चोवीस टक्के शेअर तिच्याकडे आहेत. तेव्हा इंडस्ट्रीजचा छोटा भागधारक आपल्या कंपनीच्या वकिलांचा खर्च सोसतो आणि समोरच्या बाजूने लावलेल्या वकिलांच्या खर्चातला साधारण चौथा हिस्साही अप्रत्यक्षपणे त्याच्याच कंपनीवर येतो. ब्रदर्सच्या कायदेशीर आणि सल्लागारांवरच्या खर्चाचं न्यायवैद्यक लेखापरीक्षण व्हावं, असा ठराव इंडस्ट्रीजने मांडला होता. डिसेंबर 2022 मधल्या विशेष सभेत तो फेटाळला गेला. कोणाची बाजू खरी हे न्यायालय ठरवेल. पण आपल्या पैशावर दोन्हीकडून वाद लढवला जातोय, हे त्या छोट्या भागधारकाला एकदाही स्पष्ट सांगितलं जात नाही, हे मला खटकतं.

माहीत असलेल्या दाव्याचं वजन बाजार आपल्या परीने करतो. दडवलेल्या कराराचं वजन त्याला करता येत नाही. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना आधी पाहतो. शेअरला असा रकाना नव्हता. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2023 मध्ये तो केला. कंपनीच्या व्यवस्थापनावर परिणाम करणारा किंवा कंपनीवर बंधन घालणारा प्रवर्तकांचा वा कुटुंबीयांचा करार, कंपनीची त्यावर सही नसली तरी, जाहीर करावा लागेल, असा हा नियम आहे. त्याच आधारे 2024 च्या डिसेंबरअखेर सेबीने अतुल-राहुल यांच्या बाजूच्या कंपन्यांना 2009 चा करार जाहीर करायला सांगितलं. कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या.

त्यांचं म्हणणं असं की करारात आम्ही पक्षकार नाही, तो आम्हाला बांधत नाही आणि जाहीर केला तर तो बंधनकारक असल्याची कबुली दिल्यासारखं होईल. घरातली वाटणी चव्हाट्यावर कशाला, ही भावनाही मी समजू शकतो. पण ज्या दिवशी घराण्याने कंपनीसाठी लोकांकडून पैसे घेतले, त्या दिवशी कंपनीपुरती ती वाटणी खासगी उरली नाही. कबुलीच्या भीतीवर तोडगा कठीण नाही. ‘हा करार आम्हाला लागू होतो असं आम्ही मानत नाही’ अशी ओळ जोडून तो जाहीर करता येतो, आणि ती ओळ वाचणाऱ्यालाही उपयोगी पडेल. जाहीर केल्यावर भाव पडला तर? तर तो भाव अर्धवट माहितीवर उभा होता, आणि त्या भावाने शेअर घेणारा आधीच फसत होता.

याच्या जोडीला आणखी एक नियम हवा. वार्षिक अहवालात वकिलांची फी, सल्लागारांची बिलं, सगळं ‘कायदेशीर व व्यावसायिक शुल्क’ या एका आकड्यात जातं. प्रवर्तकांच्या आपसातल्या वादांवर झालेला खर्च त्यातून वेगळा दाखवावा आणि तो कंपनीने का सोसायचा, याचं कारण स्वतंत्र संचालकांनी सहीनिशी लिहून द्यावं.