मंदी कोणी ठरवायची?

भोसरीच्या एमआयडीसीत माझं टर्निंग-मिलिंगच्या जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. महिन्याच्या सुरुवातीला वरच्या व्हेंडरकडून किती नग लागणार याचं शेड्यूल येतं. ते निम्म्यावर आलं की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग रात्रपाळी, मग हेल्परची गरज संपते. पर्मनंट कामगाराला झळ लागेपर्यंत ठेकेदाराकडची पोरं बीड-लातूरला गावी परतलेलीही असतात.

२०१९मध्ये हेच झालं. त्या जुलैत देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा जवळजवळ ३१ टक्क्यांनी घटली. पण त्या तिमाहीत जीडीपी ४.५ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं, म्हणून हे 'रिसेशन' नव्हे, फक्त 'स्लोडाऊन'. २७ नोव्हेंबर २०१९ला अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की वाढीचा वेग कमी झाला असेल, पण हे रिसेशन नाही आणि कधी येणारही नाही. व्याख्या धरली तर त्या दिवशी रिसेशन नव्हतंच. माझा आक्षेप व्याख्येलाच आहे.

सलग दोन तिमाही जीडीपी घटला की रिसेशन, हे सूत्र आलं कुठून? अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे आयुक्त ज्युलियस शिस्किन यांनी डिसेंबर १९७४मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. त्यात दोन तिमाहींच्या घसरणीसोबत कारखान्यांचं उत्पादन, रोजगारातली घट, बेकारीतली वाढ अशा आणखी कसोट्या होत्या. जगाने त्यातली सगळ्यांत सोपी तेवढी उचलली आणि माणसांच्या कामाशी संबंधित कसोट्या मागे टाकल्या.

खुद्द अमेरिकेत हे सूत्र निर्णायक नाही. तिथे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या खासगी संस्थेची समिती रोजगार, उत्पन्न, खर्च, उत्पादन असं सगळं पाहून तारखा ठरवते. २०२२मध्ये तिथला जीडीपी सलग दोन तिमाही घटल्याचे आकडे आले, पण नोकऱ्या वाढत होत्या. समितीने रिसेशन जाहीर केलं नाही. २००१मध्ये सलग दोन तिमाही घट नसतानाही केलं होतं.

आपल्याकडे असा निवाडा देणारी सर्वमान्य समिती नाही, म्हणून दोन तिमाहींचा नियमच शिरोधार्य मानला जातो. २०२०च्या एप्रिल-जूनमध्ये पहिल्या अंदाजानुसार जीडीपी २३.९ टक्क्यांनी कोसळला. तरी रिसेशनचा शिक्का बसायला पुढच्या तिमाहीतली साडेसात टक्क्यांची घट जाहीर व्हावी लागली. तो दिवस होता २७ नोव्हेंबर २०२०. तोवर लाखो मजूर रस्ता तुडवत घरी पोहोचलेही होते. फेब्रुवारी २०२१मध्ये ०.४ टक्के वाढीचा आकडा आला आणि रिसेशन संपल्याच्या बातम्या झळकल्या. आमच्या गल्लीतल्या दोन शेडवर तेव्हा 'विकणे आहे'ची पाटी होती. कामं परत आली हे खरं, पण ती तगलेल्यांकडे आली.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. तिमाही जीडीपी काढताना असंघटित क्षेत्राचा बराचसा अंदाज संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरून बांधतात. मोठा कारखाना सावरला की कागदावर छोटाही सावरतो, मग त्याच्या दाराला कुलूप का असेना.

२०२५पासून श्रमबल सर्वेक्षणाचे आकडे दरमहा येऊ लागलेत. जीएसटी आणि विजेच्या वापराचेही येतात. ते समोर ठेवून मंदीची सुरुवात आणि शेवट ठरवणारी स्वतंत्र समिती सरकारने नेमावी. तिच्यात अर्थतज्ज्ञ असावेतच, पण लघुउद्योगांच्या संघटनांचे आणि कंत्राटी कामगारांचे प्रतिनिधीही असावेत. आणि वर्तमानपत्रांनी जीडीपीच्या आकड्याशेजारी त्या तिमाहीत किती हातांचं काम गेलं तेही पहिल्या पानावर छापावं.