आधी कान, मग गळे

आमच्या भाच्याने दीड वर्ष खपून घरात एक मॉड्युलर सिंथेसायझर उभा केला आहे. एकेक पट्टी विकत आणायची, खोक्यात स्क्रूने बसवायची आणि वायरींनी एकमेकींना जोडायची. दुरून पाहिले तर टेलिफोन एक्स्चेंजवर कोणी शेवया वाळत घातल्यासारखे वाटते. त्यात आवाज काढणारे ऑसिलेटर चार. ऐकणारा मात्र एकही नाही!

हे मला कळले एका रविवारी. मी आपली बाजाची पेटी घेऊन गेलो. म्हटले, "आम्हालाही बसव की तुझ्या पंगतीला!" त्याने माइक आणला, मध्ये जोडपिन लावून यंत्रात खुपसला. मी सा धरला. यंत्र ढिम्म. "मामा, जरा जोरात!" मी असा भाता हाणला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. यंत्राला पत्ता नाही.

आता यात नवल काहीच नाही. माइकातून निघते ती वीज काही मिलिव्होल्टची. या युरोरॅक यंत्रांच्या पोटात आवाज हेलकावे खातो दहाएक व्होल्टचे. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना आजीने कानात सांगितलेला निरोप जितका पोचेल, तितकाच माइक इथे पोचणार. मध्ये हजारेक पटीने आवाज वाढवणारा प्रीअँप हवा. पिन बसली म्हणजे सोयरीक जमली, असे नव्हे!

"मग प्रीअँप का नाही घेतलास?"

"मामा, शून्यातून आवाज निर्माण करणं हे खरं सिंथेसिस. बाहेरचा आवाज आत घेणं म्हणजे लबाडी."

इथे माझे डोके फिरले. अरे, हे सोवळे तुम्हाला नेसवले कोणी? १९६९ साली लंडनमध्ये निघालेल्या व्हीसीएस-३ला माइक जोडायची सोय होती. १९७०च्या मिनीमूगला बाहेरचा आवाज चालत होता. १९७१च्या एआरपी २६००मध्ये तर माइकचा प्रीअँप घरचाच, आणि शेजारी एन्व्हलप फॉलोअर. वाडवडील चारचौघांत जेवत होते. नातवांना मात्र विटाळ होतो!

हा फॉलोअर म्हणजे मोठा गुणी प्राणी. आवाज किती मोठा, किती लहान एवढेच तो पाहतो आणि त्याप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो. ते व्होल्टेज फिल्टरला दिले, की मी भाता जोरात मारला तर यंत्राचा सूर खुलतो, हात सैल सोडला तर मिटतो. घड्याळासारखे हेलकावणाऱ्या यंत्राला माणसाचा श्वास मिळतो. याला लबाडी म्हणायचे असेल, तर साथ करणारा प्रत्येक तबलजी लबाड!

महिनाभर वाद घातला. शेवटी पाचव्या ऑसिलेटरच्या पैशांत त्याने प्रीअँप आणि फॉलोअर असलेली एक पट्टी आणली. प्रथेप्रमाणे "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" झाले. माइक स्पीकरसमोरच असल्यामुळे गणपतीच्या मांडवातली ती सुप्रसिद्ध किंकाळीही झाली. माइक बाजूला नेला. मग, आणखी काही सुचेना म्हणून, पोराने गळा साफ करून दोन आलाप घेतले. यंत्र आल्यापासून त्याने गाण्याचा क्लास सोडला होता.

बहीण गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली.

"बरं आहे हो तुझं यंत्र," ती म्हणाली.

दीड वर्षात त्या यंत्राला मिळालेले हे पहिलेच प्रशस्तिपत्रक.