क्यूबातील आजोबांचा शोध

वाचकहो, आपल्या पणजीचे माहेरचे आडनाव आपणांस ठाऊक आहे काय? पुष्कळांस ते सांगता येणार नाही. लग्न झाले की आपल्याकडे मुलीचे आडनाव बदलते आणि दोन पिढ्या सरल्या की तिचे माहेर घराच्या आठवणीतून पुसले जाते. क्यूबा बेटावरील रीत निराळी आहे. तेथे प्रत्येकास दोन आडनावे असतात. पहिले बापाचे, दुसरे आईचे. स्त्री लग्नानंतरही आपली दोन्ही आडनावे सोडीत नाही. ही साधी रीत आज देशोदेशी पांगलेल्या क्यूबन कुटुंबांच्या फार उपयोगी पडत आहे.

ही कुटुंबे पांगली कशी, ते थोडक्यात सांगतो. १९५९ साली क्यूबात राज्यक्रांती झाली. त्यानंतर डिसेंबर १९६० पासून ऑक्टोबर १९६२ पर्यंत चौदा हजारांहून अधिक मुले आईबापांवाचून विमानाने अमेरिकेस धाडण्यात आली. मायामी येथील फादर ब्रायन वॉल्श यांनी त्यांच्या सांभाळाची व्यवस्था पाहिली. काहींची आईबापांशी लवकर भेट झाली, काहींस वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. पुढे १९८० साली मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे होड्यांतून निघून गेली. घाईने निघालेला मनुष्य बरोबर काय नेणार? कपड्यांचा एखादा जोड, एखादे छायाचित्र. त्या वेळची मुले आज स्वतः आजी-आजोबा झाली आहेत आणि त्यांची नातवंडे विचारीत आहेत, “आपण मूळचे कोठले?”

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे ते घरापासूनच. वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे, जुन्या कागदांची पेटी उघडावी, छायाचित्रांच्या पाठी वाचाव्या. शोधावयाची मुख्य गोष्ट एकच: गावाचे नाव, आणि शक्य तर चर्चचेही. “आमचे आजोबा क्यूबाचे” एवढ्याने काम होत नाही. शिवाय १९७६ साली तेथील सहा प्रांतांचे चौदा प्रांत झाले. म्हणून जुन्या कागदावरील प्रांताचे नाव आजच्या नकाशावर त्याच जागी सापडेलच असे नाही. गावाचे नाव मात्र सहसा दगा देत नाही.

गाव कळले म्हणजे पुढची पायरी सरकारी नोंदणीची. क्यूबात ती १८८५ साली सुरू झाली. दाखला मागताना वहीचा खंड व पान यांचे आकडे देता आले, तर शोधणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात. १८८५ च्या मागे जावयाचे तर मुख्य आधार धर्मग्रामाच्या वह्यांचा. एकोणिसाव्या शतकातील बाप्तिस्म्याची नोंद चांगली लिहिलेली असेल, तर तीत बालकाचे नाव, आईबाप व त्यांची जन्मगावे, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि धर्ममातापिता सापडतात. एका परिच्छेदात तीन पिढ्या! आजोबांच्या नावापुढे स्पेनमधील किंवा कॅनरी बेटांतील एखाद्या गावाचे नाव असले, तर शोधाची वाट समुद्र ओलांडून त्या गावच्या चर्चकडे जाते. स्पेनने २००७ व २०२२ सालच्या कायद्यांनी स्पॅनिश पूर्वजांच्या काही वंशजांस नागरिकत्व मागण्याची संधी दिली. तेव्हा अशा जुन्या ओळींवर कित्येक घरांचे भवितव्य अवलंबून राहिले.

परंतु या वह्यांत एक दुःखाची गोष्टही आहे. गोऱ्यांच्या वह्या वेगळ्या आणि कृष्णवर्णीयांच्या व मिश्रवर्णीयांच्या वेगळ्या, अशी तेथे रीत होती. क्यूबातील गुलामगिरी १८८६ साली संपली. तोपर्यंत गुलामाच्या नोंदीत पुष्कळदा आडनाव नसेच. धन्याचे नाव असे, आणि आफ्रिकेतून आणलेला असेल तर “लुकुमी”, “काँगो”, “काराबाली” असा एखादा शब्द. १८४७ ते १८७४ या काळात कराराने आणलेल्या चिनी मजुरांसही बाप्तिस्म्याच्या वेळी स्पॅनिश नावे मिळाली आणि त्यांची मूळ नावे हरपली. तथापि ज्यांची बाजारात किंमत केली गेली, त्यांची नावे चर्चच्या वहीत लिहिली गेली, आणि आज त्यांच्या पणतवंडांना तोच एक धागा उरला आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २००३ पासून अशा जुन्या वह्यांची छायाचित्रे घेण्याचे काम हाती घेतले. ती आता संगणकावर कोणासही पाहता येतात.

सर्वच वह्या काही अशा रीतीने घरबसल्या दिसत नाहीत. अनेक ठिकाणी चर्चला पत्र लिहावे लागते किंवा नात्यातील कोणास तेथे पाठवावे लागते. उत्तरास विलंब झाला तर रागावू नये. सप्टेंबर १९६१ मध्ये सुमारे १३० धर्मगुरूंस एकाच जहाजातून देशाबाहेर घालविण्यात आले; तेव्हापासून तेथे धर्मगुरूंची वाण आहे. एकेकास अनेक गावे सांभाळावी लागतात. म्हणून पत्र स्पॅनिश भाषेत, थोडक्यात आणि नम्रतेने लिहावे. नाव, अंदाजे साल व आईबापांची नावे एवढेच द्यावे, आणि चर्चसाठी यथाशक्ती देणगी धाडावी. काही गावांच्या वाटा मात्र कायमच्या तुटल्या आहेत. १८६९ च्या जानेवारीत बायामो येथील लोकांनी स्पॅनिश सैन्याच्या हाती शहर पडू नये म्हणून आपल्याच हातांनी ते पेटवून दिले. घर जळते तेव्हा कागदही जळतो. अशा वेळी भावंडांच्या, धर्ममातापित्यांच्या आणि आसपासच्या गावांतील नोंदींवरून माग काढावा लागतो.

वाचकहो, क्यूबा दूर असले तरी ही वही आपल्या ओळखीची आहे. बाप्तिस्मे व विवाह लिहून ठेवण्याचा नियम ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली केला. गोव्यातील चर्चांच्या वह्याही त्याच नियमाच्या. गोव्याहून पूर्व आफ्रिकेस, पोर्तुगालास गेलेल्यांची नातवंडेही अशाच एका ओळीसाठी आपल्या जुन्या गावाकडे पत्रे लिहितात.

म्हणून एवढेच करा. बालकाचा बाप्तिस्मा असेल तेव्हा आजी-आजोबांची पूर्ण नावे स्वच्छ अक्षरांत कागदावर लिहून न्या, आणि आजीचे माहेरचे आडनाव विसरू नका. आज संध्याकाळी प्रार्थना आटोपल्यावर घरातील सर्वांत वृद्ध माणसास ते विचारा. लिहून ठेवण्यास दोन मिनिटे पुरतात. न लिहिलेले नाव शोधण्यास पुढल्यांचा जन्म जातो.