भिंतीला मोळा मारायचा नाही

टिळकवाडीत खोली घेतली त्या दिवशी घरमालकीण काकूंनी तीन अटी सांगितल्या. भाडे पाच तारखेच्या आत, दहानंतर फाटक बंद, आणि "हे बघ बाळा, भिंतीला मोळा मारायचा नाही." (मोळा म्हणजे खिळा, कन्नड विभागाच्या वाचकांना हे सांगायला नको, त्यांचा तो 'मोळे'च.) तिसऱ्या अटीचा अर्थ सामान सोडल्यावर कळला. गावच्या घरात दारामागे खुंट्या होत्या, कोनाडे होते. इथे छत्री, शर्ट, कॅलेंडर आणि आजीने दिलेला आजोबांचा फोटो, सारे खाटेवर!

तेव्हा मी चिकटवायचे हुक आणले. आमचे काही मित्र त्यांना प्लॅस्टिकची चैन म्हणतात. मला ते पटत नाही. स्वतःचे घर असणाऱ्याला खिळा ही चिल्लर वस्तू आहे, भाडेकरूला तो परवानगीचा प्रश्न आहे.

मात्र हुकाहुकांत फरक असतो. पारदर्शक चौकोनी स्टिकरचा स्वस्त हुक निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतो. थ्रीएम कंपनीने १९९६ साली 'कमांड' नावाने जो प्रकार आणला, त्याच्या पट्टीला खाली शेपटी असते. ती भिंतीलगत सरळ खाली हळूहळू ओढली की पट्टी ताणून बारीक होते आणि आपणहून सुटते. ओढ आपल्याकडे घेतली तर रंग गेलाच म्हणून समजा.

मी हे सगळे नीट वाचले आणि फोटो लावला चुन्याच्या भिंतीवर. बेळगावचा पाऊस, त्यात ओल. तिसऱ्या रात्री काच फुटल्याचा आवाज आला. सकाळी पाहिले तर पट्टीने पकड सोडलीच नव्हती. चुन्याचा थर घेऊनच ती खाली आली होती. आजीला हे अजून सांगितलेले नाही.

तेव्हापासून मी भिंतीचा नाद सोडला. फरशी, काच, ऑइलपेंटचे दार आणि लोखंडी कपाट, या हुकाच्या खऱ्या जागा. स्पिरिटने पुसावे, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरावी आणि तासभर काही अडकवू नये. मग बघा. कपाटाच्या दाराच्या आत दोन हुकांवर पातेल्याचे झाकण बसते. मोरीच्या फरशीवर टॉवेल, टेबलाखाली उलट्या हुकात दिव्याची वायर, बादलीच्या कडेला कचऱ्याची पिशवी. परीक्षेचे वेळापत्रक आरशाच्या कोपऱ्यात आहे, तिथे ते चुकवता येत नाही. छत्री मात्र दाराबाहेरच, खाली डबा ठेवून. पाकिटावरच्या वजनाशी वाद घालू नये. आमच्या एका मित्राने दप्तर अडकवले होते, पुस्तकांसकट!

तरीही मला वाटते, खोली भाड्याने देणाऱ्यांनी दारामागे खुंट्यांची एक फळी ठोकून द्यावी. मोळे मारायचेच तर त्यांनी एकदाच मारावेत. असे मी काकूंना म्हटलेही. त्या हसल्या, बोलल्या काही नाहीत.

आजोबा आता कपाटाच्या बाजूला आहेत, काचेविना. भाडे घ्यायला आलेल्या काकूंनी हुक हलवून पाहिला. "मोळा न मारता राहिलाय होय? मला दोन आण की, दसऱ्याच्या तोरणाला." त्यांच्या चौकटीला ऑइलपेंट आहे. काल लावून आलो.